बोट लागू नये म्हणून: घरच्यांसह लक्षद्वीपला निघताना

जांबोटी मागे टाकून गाडी कणकुंबीच्या दिशेला लागली की मागच्या सीटवरचं एखादं पोर बोलायचं थांबतं. चोर्ला घाटाची वळणं सुरू झाली की कुणीतरी ड्रायव्हरला "जरा बाजूला घ्या हो" म्हणतंच. गोव्याला जाणाऱ्या बेळगाव-खानापूरच्या घराघरांत हा प्रसंग ओळखीचा आहे. घाटात निदान गाडी थांबवता येते, खाली उतरून वारा खाता येतो. जहाजात ती सोय नाही. कोचीहून लक्षद्वीपला जायला बेटाप्रमाणे साधारण १४ ते १८ तास लागतात आणि त्यातली अख्खी रात्र पाण्यावर जाते. घरातल्या एकाला जरी बोट लागली तरी सगळ्यांची सहल त्याच्या उशाशी बसून सरते.

पहिल्या खेपेला आम्ही सात जण होतो: आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई, दीर आणि जाऊ. सातांपैकी चौघं सकाळपर्यंत आडवे होते. सासूबाई सारखं "मला खाली उतरवा गं" म्हणत होत्या आणि चहूकडे अंधार नि पाणी. त्या रात्री मला काहीच करता आलं नाही, आणि पुढे कळलं की करायचं ते सगळं आदल्या दिवशीच करायचं होतं. दुसऱ्या समुद्रप्रवासात, अंदमानला, एकट्या मुलीला थोडी मळमळ झाली. समुद्रही तेव्हा शांत होता, ते श्रेय आमचं नाही. पण तयारी केलेली होती, त्याचा फरक पडलाच. पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी ती तयारी इथे क्रमाने लिहिते आहे.

हे होतं कशामुळे

ऊन लागतं, दृष्ट लागते, तशी बोट लागते असं आपण म्हणतो. त्यामुळे काहीतरी बाहेरून येऊन चिकटलं असं वाटतं आणि घरातले त्या माणसाचं पोट धरून बसतात. गडबड पोटात सुरूच होत नाही. कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तोल सांभाळणारा एक छोटा अवयव असतो. द्रवाने भरलेल्या तीन वळलेल्या नळ्या आणि शेजारी दोन बारीक कप्पे. डोकं कुठे वळलं, शरीर वर गेलं की खाली आलं, हे तो मेंदूला कळवत राहतो. बंद केबिनमध्ये बसलं की डोळे सांगतात, भिंत, पलंग, दिवा सगळं जागच्या जागी आहे. कान सांगतो, आपण वर-खाली होतोय. दोन्ही बातम्या जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळतो. त्याच गोंधळातून मळमळ, घाम आणि वांती येते. ज्यांच्या दोन्ही कानांतला हा अवयव पूर्ण निकामी झालेला असतो, त्यांना बोट लागतच नाही. दोष जेवणाचा किंवा माणसाच्या नाजूकपणाचा नाही, याला यापेक्षा चांगला पुरावा कुठला हवा?

सगळ्यात त्रास देतो तो संथ हेलकावा, साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारा. मोठ्या जहाजाची चाल बरीचशी तशीच असते. म्हणून "मोठं जहाज आहे, काही कळणारसुद्धा नाही" या आश्वासनावर विसंबू नका. मोठं जहाज कमी हलतं हे खरं, पण जे हलतं ते नेमकं या तालात.

खाली पुन्हा पुन्हा दोनच गोष्टी येतील: कान आणि डोळे यांची बातमी जुळवून द्यायची, किंवा डोळे मिटून एक बातमी बंदच करायची.

आधी घरातल्या माणसांचा अंदाज घ्या

२ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा होत नाही. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणी आणखी. ज्यांचं अर्धं डोकं दुखतं, म्हणजे मायग्रेन आहे, त्यांनाही जास्त. वय वाढतं तसा तो कमी होत जातो. आमच्या सासूबाई याला अपवाद ठरल्या.

आपल्याकडे घाट हीच चाचणी आहे. चोर्ला, अनमोड, आंबोली, कुठलाही घाट घ्या आणि कोण गप्प होतं, कोणाला जांभया येतात, कोण खिडकीची काच खाली करतं ते आठवून कागदावर नावं लिहा. त्यांना पुढच्या सगळ्या तयारीत पहिलं स्थान. मात्र जो माणूस घाटात स्वतः गाडी चालवतो त्याचं नाव कागदावरून गाळू नका. चालवणाऱ्याला पुढचं वळण आधी दिसतं, त्याचं शरीर तयार असतं, म्हणून त्याला काही होत नाही. तोच माणूस मागे बसला की पांढराफटक पडतो. आमच्या दिरांना वीस वर्षांत कधी गाडी लागली नव्हती, कारण वीस वर्षं तेच गाडी चालवत होते.

शक्य असेल तर महिना-दोन महिने आधी मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसून या. अंतर थोडं आहे, पण लहान होडी आणि उघडा समुद्र, त्यामुळे मुलांना पाण्याचा हेलकावा म्हणजे काय ते कळतं आणि भीती जाते. गोव्यातल्या नदीवरच्या फेरीबोटीने मात्र काही समजत नाही, ते पाणी फार निवांत.

तारीख

जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात घरच्यांना घेऊन जायचं नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते. माशांच्या विणीचा काळ हे त्याचं मुख्य कारण, पण समुद्राचं तेव्हाचं रूप कोळ्यांना विचारा.

आपण मुलांच्या सुट्टीप्रमाणे दिवाळी किंवा मे महिना धरतो. दोन्हींबद्दल सावध करते. ओखी वादळ २०१७ च्या नोव्हेंबरअखेर उठलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्याने लक्षद्वीपला झोडपलं. तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात आलं. दरवर्षी असं होतं असं नाही, पण निवड आपल्या हातात असेल तर नाताळची सुट्टी, जानेवारी किंवा फेब्रुवारी घ्यावा. दोन दिवस शाळा बुडाली तरी चालेल.

निघायच्या आठवड्यात लाटांचा अंदाज पाहायला शिका. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज रोज देते, तो कुणालाही पाहता येतो. लाटेची उंची सव्वा मीटरच्या आत असेल तर समुद्र निवांत समजा. सव्वा ते अडीच मीटर म्हणजे मध्यम, ज्यांची नावं कागदावर आहेत त्यांना त्रास होणार. अडीचच्या वर खवळलेला. तेव्हा लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर तारीख पुढे ढकलता येते का ते विचारा. पैसे गेल्याचं दुःख असतं, पण मला ती रात्र आठवते.

तिकीट आणि जागा

लक्षद्वीपला जायला बाहेरच्या प्रत्येकाला प्रवेश परवाना लागतो, त्याचे कागद बरेच आधी सुरू करावे लागतात. त्या धावपळीत जहाजातली जागा कुठली मिळतेय याकडे लक्षच जात नाही. आमचंही तेच झालं.

जत्रेतली झुलती बोट आठवा. टोकाच्या बाकावर बसलेले किंचाळतात आणि मधल्या बाकावरचे हसत असतात. जहाजाचंही तसंच. पुढचं टोक आणि मागचं टोक सगळ्यात जास्त वर-खाली होतं, मधला भाग सगळ्यात कमी. तसंच वरच्या मजल्यावर झोका मोठा बसतो आणि पाण्याच्या पातळीजवळच्या मजल्यावर लहान. तेव्हा तिकीट काढताना सांगा: मधली केबिन, जमेल तेवढी खालची. वरचा मजला, मोठी खिडकी, समुद्राचा देखावा याला भुलून जास्त पैसे मोजू नका. बंकचा वर्ग मिळाला असेल तर कागदावरच्या माणसांना खालचे पलंग द्या. इंजिनाच्या अगदी लगतची जागाही टाळा, तिथे डिझेलचा वास येतो आणि वासाने मळमळ चटकन वाढते.

कोचीपर्यंत जायचं तर पुण्याहून सुटणारी पूर्णा एक्सप्रेस मिरज, बेळगाव, लोंढा, मडगाव करत एर्नाकुलमला जाते, पण आठवड्यातून एकदाच. गाडी कुठलीही धरा, कोचीत एक रात्र मुक्काम ठेवा. रेल्वेतून उतरून थेट जहाजावर चढणं ही आमची पहिली चूक होती. रात्रभर नीट झोप नाही, अंग शिणलेलं, पोट बिघडलेलं, आणि तशात समुद्र. झोप झालेल्या माणसाला निम्मा समुद्र सोपा जातो.

गोळी

याबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

पहिली गोष्ट, गोळी आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं. मग पोटात गेलेली गोळी पुढे सरकत नाही आणि बऱ्याचदा उलटीबरोबर बाहेर येते. आम्ही सासूबाईंना तिसऱ्या उलटीनंतर गोळी दिली होती. ती चौथीत गेली.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात ओळखीची आहे ती अ‍ॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन. मोठ्या माणसाने लांबच्या प्रवासासाठी आदल्या रात्री झोपताना किंवा जहाज सुटण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची. झोप खूप येते, काहींना दुसऱ्या दिवशीही सुस्ती राहते. रात्रीच्या जहाजाला ते सोयीचंच आहे, पण जिन्यावरून चढता-उतरताना त्या माणसाचा हात धरा. दुसरी सिनारिझिन, स्टुजेरॉन या नावाने मिळते. तिला झोप जरा कमी, पण तीही साधारण दोन तास आधी घ्यावी लागते. मेक्लिझिन तासभर आधी.

आता कुठली उपयोगाची नाही ते. पोट बिघडल्यावर उलटी थांबवायला ओंडान्सेट्रॉन किंवा डोम्पेरिडोन देतात आणि घरोघरी त्यांची पाकिटं पडलेली असतात. बोट लागू नये म्हणून त्यांचा फारसा फायदा होत नाही, कारण ही उलटी वेगळ्या वाटेने येते. सर्दीवरची सेटिरिझिनही याला चालत नाही. "गोळी दिली होती तरी झालं" असं सांगणाऱ्याला मी आधी विचारते, कुठली दिली आणि कधी दिली.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी द्यायची नाही अशी माणसं घरात असतातच. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन मुळीच नाही, श्वासावर परिणाम होऊ शकतो. त्यावरच्या मुलांना वजनाप्रमाणे किती द्यायची ते बालरोगतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या. मोठ्यांची गोळी अंदाजाने अर्धी करून देऊ नका. गरोदर बाईने तिच्या डॉक्टरांनाच विचारावं. काचबिंदू असलेले, प्रोस्टेटमुळे लघवीला अडचण होणारे आजोबा, हाता-पायाला कंप असलेली आजी, यांनीही. कंपवाताच्या माणसाला सिनारिझिन देऊ नये, कंप वाढतो. आणि या गोळ्यांबरोबर दारू अजिबात नाही. सहलीला आलेल्या पुरुषमंडळींना हे घरीच, शांतपणे आणि स्पष्ट सांगून ठेवा.

मधुमेहाच्या माणसाचा वेगळा विचार हवा. जेवण पोटात टिकलं नाही आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेतलेली असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते. उलट्या सुरू झाल्या तर औषधाचं काय करायचं, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.

गोळी घरी एकदा घेऊन पाहा, सुट्टीच्या दिवशी. कोणाला किती गुंगी येते ते जमिनीवर कळलेलं बरं.

आलं? आपल्या आज्या आल्याची वडी देत असत. अभ्यासांत आल्याचे निकाल काही बरे, काही निरुपयोगी असे मिसळलेले आहेत. पण अपाय नाही, तोंडाला चव येते, म्हणून मी आलेपाक नेतेच. मनगटावर बांधायचे पट्टे मिळतात, मनगटाच्या घडीपासून कोपराच्या बाजूला तीन बोटांवर, दोन शिरांच्या मधोमध दाब देणारे. त्यांचंही तसंच. काहींना बरं वाटतं. पट्टा बांधलाय म्हणून गोळी टाळली, असं मात्र करू नका.

आदल्या रात्रीपासूनचं खाणं

उपाशीपोटी चढू नका आणि तुडुंब भरूनही चढू नका. "पोटात काही नसलं की उलटी कशाची होणार" हा हिशोब चुकीचा आहे, रिकाम्या पोटी उमासे जास्त येतात आणि पित्त पडतं.

आदल्या रात्री मऊ भात-वरण किंवा भाकरी आणि साधी भाजी. तांबडा रस्सा, भजी, तळलेले मासे परतीच्या वाटेवर खा. कोचीत मासे बघून पुरुषमंडळींचा धीर सुटतो, तिथे ठाम राहा. चढण्याच्या दोन-अडीच तास आधी इडली किंवा दहीभातासारखं हलकं. बेळगावचा कुंदा आम्ही पहिल्या खेपेला मोठ्या हौसेने बरोबर नेला होता आणि जहाज सुटल्यावर सगळ्यांना वाटला. खवा आणि साखर त्या पोटात काय करते ते पुन्हा पाहायचं नाही. कुंदा बेटावर पोचल्यावर उघडा.

जहाजावर दर दोन तासांनी थोडं कोरडं खात राहायचं. याला आपल्या बेळगावच्या चिरमुऱ्यांसारखं दुसरं काही नाही. हलके, वास नाही, मुलं मूठमूठ खातात. टोस्ट, खारट बिस्किटं, भाजलेले पोहे चालतील. तिखट-तेलकट भडंग नको. पाणी घोटघोट. कॉफी कमी.

आपल्या भागात, निपाणी-चिकोडीकडे जास्तच, वडीलधाऱ्यांना तंबाखू किंवा मिसरीची सवय असते. तंबाखूनेच मुळात मळमळतं. एकदम सोडा म्हटलं तर ऐकणार नाहीत, पण जहाज सुटण्याच्या आधी आणि नंतरचे काही तास तरी नको, एवढं प्रेमाने गळी उतरवा. विडी-सिगारेटचा धूर शेजारच्यालाही त्रास देतो.

हातातली पिशवी

मोठी बॅग पलंगाखाली जाते, म्हणून एक कापडी पिशवी सतत हाताशी ठेवा. त्यात माणशी चार-पाच न फाटलेल्या जाड पिशव्या, तोंड बांधायला रबर, ओले रुमाल, मुलांचा एकेक कपडा, ओआरएसची पाकिटं, लिंबू, आलेपाक, लिमलेटच्या गोळ्या, चिरमुरे, औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी. उग्र अत्तर किंवा वासाचं तेल कुणीही लावून येऊ नये, डब्याएवढ्या केबिनमध्ये तो वास कोंडतो.

पहिला तास

जहाज धक्क्यावरून सुटतं तेव्हा कोचीच्या खाडीत पाणी शांत असतं. सगळे हसत-खिदळत फोटो काढत असतात आणि वाटतं, एवढंच तर आहे. खाडीचं तोंड ओलांडून उघड्या समुद्रात आलं की जहाज श्वास घेतल्यासारखं वर उचलतं. तिथून पुढचा तास फार मोलाचा.

या तासात कागदावरच्या माणसांना केबिनमध्ये बसवू नका. उजेड असेल तर सगळ्यांना घेऊन डेकवर या, जहाजाच्या मधल्या भागात, पुढे तोंड करून उभे राहा किंवा बसा आणि नजर लांब, पाणी आणि आभाळ मिळतात त्या रेषेवर ठेवा. ती रेषा हलत नाही. डोळ्यांना ती दिसली की जहाज हलतंय हे त्यांनाही कळतं, कानाची नि डोळ्यांची बातमी जुळते. मुलांना "रेषेकडे बघ" म्हटलं तर दोन मिनिटांत कंटाळतात. मी मुलीला लांबच्या होड्या मोजायला लावलं होतं. होड्या नसतील तर पाखरं, ढग, काहीही, पण लांबचं. जवळच्या लाटांकडे वाकून बघायचं नाही.

मोबाईल बंद. यात कुणालाच सवलत नको. हातातल्या पडद्यावर नजर खिळली की डोळे "आपण स्थिर आहोत" असं ठासून सांगतात आणि कान उलटं. पुस्तक वाचणं, मान खाली घालून पिशवीत काही शोधणं, पत्ते खेळणं, सगळं त्यातच. गाणी ऐकायला, भेंड्या लावायला हरकत नाही. उलट भेंड्यांनी फार बरं वाटतं, मन गुंतून राहतं.

मुलाला घडीघडीला "मळमळतंय का रे?" विचारू नका. विचारून विचारून येते. शांतपणे त्याच्या तोंडाकडे बघत राहा. जांभयांवर जांभया, तोंडाला पाणी सुटणं, ओठांभोवती पांढरेपणा, कपाळावर गार घाम, आणि बडबड्या पोराचं अचानक गप्प होणं, या खुणा उलटीच्या बऱ्याच आधी दिसतात. "आई, कसंतरी व्हायलंय" असं ते म्हणेपर्यंत थांबू नका. खूण दिसली की वाऱ्यात न्या, पुढे तोंड करून बसवा, डोकं मागे टेकवून स्थिर करा, हळूहळू लांब श्वास घ्यायला सांगा.

अंधार पडला की रेषा दिसत नाही. मग दुसरा उपाय: केबिनमध्ये जाऊन उताणं झोपायचं, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना घडी केलेली चादर लावायची आणि डोळे मिटायचे. अर्धवट उठून बसणं, पुन्हा आडवं होणं, हे सगळ्यात वाईट. ज्यांना त्रास होणार आहे त्यांचं खाणं, औषध आणि बाथरूम उरकून त्यांना लवकर झोपवून टाका. झोपेत समुद्र पार होतो.

उलटी झालीच तर

रागावू नका आणि हसू नका. मोठ्या माणसांना याची फार लाज वाटते, विशेषतः लेकी-सुनांसमोर. पिशवी द्या, पाठीवरून हात फिरवा, तोंड धुवायला पाणी द्या, पिशवी बांधून लगेच बाहेर न्या, कारण वासाने शेजारच्याला सुरू होतं. मुलांना कठड्यावरून वाकून ओकायला कधीही सोडू नका. पोर ओलं, डेक ओला, जहाज हेलकावतंय, आणि वारा समोरचा असेल तर सगळं अंगावर येतं.

उलटीनंतर दहा-पंधरा मिनिटं काही देऊ नका. मग ओआरएस चमच्याचमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी. पाकिटावर जेवढं पाणी सांगितलं आहे तेवढ्याच पाण्यात ते कालवायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पेलाभर पाणी एका दमात प्यायला दिलं तर ते परत येणार. मळमळ ओसरली की कोरडा टोस्ट.

बहुतेकांची शरीरं दोन-तीन दिवसांत हेलकाव्याला सरावतात, त्यामुळे दुसरी रात्र पहिलीपेक्षा सोपी जाते. पण काही खुणा दिसल्या तर वाट न बघता जहाजावरच्या कर्मचाऱ्यांना सांगा. मुलाला सहा-आठ तास लघवीच झाली नाही, ते गुंगीत आहे आणि उठवलं तरी नीट उठत नाही, पाण्याचा घोटही टिकत नाही, उलटीत रक्त आहे, मोठ्या माणसाच्या छातीत दुखतंय किंवा बोलणं अडखळतंय. प्रत्येक उलटी बोटीचीच असं धरून चालू नये. वैद्यकीय मदत जहाजात कुठे मिळते ते चढल्याचढल्या विचारून ठेवा.

बेटावर उतरताना

हा टप्पा आम्हाला कुणी सांगितला नव्हता. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाचा कडा असतो आणि आतलं पाणी उथळ, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मोठं जहाज बाहेरच उभं राहतं आणि प्रवाशांना लहान बोटीत उतरवून नेतात. जहाज थांबलेलं असताना जास्त डोलतं, आणि शेजारची लहान बोट त्याहून. रात्रभर ठीक असलेल्या माणसाला नेमकी तिथे मळमळ होते. तेव्हा उतरण्याच्या तासभर आधी थोडं खाऊन घ्या, आपली पाळी येईपर्यंत बंद वाटेत गर्दी करून उभे राहू नका, लहान बोटीत बसल्यावर नजर बेटावरच्या माडांवर ठेवा. जीवरक्षक जाकीट मुलांच्या अंगावर नीट बांधलंय ना ते स्वतः ओढून पाहा. वृद्धांना दोघांनी धरून, कर्मचारी "आता" म्हणेल तेव्हाच पाय टाकायला सांगा. हातात पिशवी नको.

पाच दिवसांच्या काही सहलींत दिवसा बेट आणि रात्री जहाज असा क्रम असतो. ज्यांना पहिल्या रात्री फार त्रास झाला त्यांनी दिवसा बेटावर उन्हात दमून जाऊ नये, दुपारी माडाखाली आडवं व्हावं, आणि संध्याकाळची गोळी पुन्हा वेळेवर घ्यावी. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणापलीकडे नाही.

अंदमानला निघालेल्यांना हेच सगळं लागू आहे. चेन्नईहून जहाजाने गेलात तर अडीच-तीन दिवस पाण्यावर. विमानाने गेलात तरी पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, तिथून स्वराज द्वीपला फेरीने दीड ते अडीच तास जावं लागतं. वेगवान फेऱ्या बंद आणि वातानुकूलित असतात, बाहेर उभं राहता येत नाही. तिथे खिडकीतून लांब नजर, आणि गोळी आधी.

परत आल्यावर

जमिनीवर पाय ठेवला तरी एक-दोन दिवस पलंग हलल्यासारखा वाटतो, आंघोळ करताना डोळे मिटले की झोका जातो. शरीराला जहाजाची सवय लागलेली असते, ती उतरायला वेळ लागतो. घाबरू नका. तेवढे दिवस दुचाकी चालवू नका आणि शिडीवर चढू नका. आठवड्याने, दोन आठवड्यांनीही ते गेलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि मडगावला उतरून पुढे गाडीने चोर्ल्यावरून बेळगावला यायचा बेत असेल तर त्याच दिवशी येऊ नका. रात्रभर जहाज, दिवसभर रेल्वे आणि वर घाट, हे मुलांना झेपत नाही. गोव्यात रात्र काढा किंवा रेल्वेनेच लोंढ्यावरून घरी या.